सॉफ्टवेअर मोलगीला पोहोचेल. वापर कोण मोजणार?

नंदुरबार : मुंबईत १२ डिसेंबर २०२५ रोजी झालेल्या कार्यक्रमात मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांच्या उपस्थितीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी एक महत्त्वाची घोषणा केली. नागपुरातील २३ पोलीस ठाण्यांत प्रायोगिक तत्त्वावर वापरली गेलेली 'महाक्राइम ओएस एआय' ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली तपास प्रणाली राज्यातील सर्व ११०० पोलीस ठाण्यांत नेण्याचा निर्णय त्यांनी जाहीर केला. राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये स्थापन केलेली 'मार्व्हल' ही संस्था, 'सायबरआय' ही खासगी कंपनी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ही प्रणाली उभी केली आहे. तक्रारीतील मजकूर वाचून गुन्ह्याची माहिती वेगळी काढणे, बँका व मोबाइल कंपन्यांना पाठवावयाच्या नोटिसांचे मसुदे तयार करणे, कोणते कलम लागू होते ते सुचवणे, अनेक भाषांतील कागदपत्रे व ध्वनिफिती उलगडणे अशी कामे ती करते.

'सर्व ११००' या दोन शब्दांत सातपुड्याच्या कुशीतील मोलगी आणि धडगावची ठाणीही येतात, तशीच सपाटीवरची सारंगखेडा व विसरवाडीची ठाणीही येतात. नागपूरच्या सायबर गुन्हे शाखेत जे यंत्र दिवसभर चालते, तेच मोलगीत आठवड्यातून किती वेळा उघडले जाईल? आणि ते उघडले गेले की नाही, हे मुंबईत बसलेल्या अधिकाऱ्यांना कसे कळणार? हा प्रश्न एकट्या पोलीस खात्याचा नाही. कृषी, महिला व बालविकास, आदिवासी विकास, ग्रामविकास अशा जवळजवळ प्रत्येक खात्याने गेल्या दोन-तीन वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेचे एखादे तरी साधन विकत घेतले आहे, बनवून घेतले आहे किंवा केंद्राकडून स्वीकारले आहे. खरेदीचे आकडे सहज मिळतात आणि कार्यक्रमांची छायाचित्रेही मिळतात. त्यानंतर ते साधन कोणी, किती वेळा आणि स्वतःहून वापरले, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

टेंभलीपासूनचा धडा

शासकीय तंत्रज्ञानाचा आरंभ नंदुरबारहून होण्याची ही पहिली वेळ नव्हे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. त्या दिवशी साऱ्या देशाचे लक्ष या छोट्या गावाकडे लागले होते. पुढील काही वर्षे 'आधार'चे यश किती क्रमांक दिले गेले यावरूनच मोजले जात होते. ती संख्या कोटींमागून कोटी वाढत गेली. क्रमांक हाती असलेल्या माणसाला त्याचा उपयोग किती झाला, हे पाहण्यासाठी मात्र वेगळी मोजणी हवी होती. पहिला क्रमांक मिळालेल्या टेंभलीतही रोजगाराचे आणि योजनांचे प्रश्न पूर्वीसारखेच राहिल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून नंतर अनेकदा आल्या. कालांतराने आधार प्राधिकरणानेही दिलेल्या क्रमांकांच्या जोडीला किती वेळा पडताळणी झाली, हा आकडा प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. वाटप आणि वापर यांच्यातील अंतर मान्य करण्याच्या दिशेने ते एक पाऊल होते.

परंतु वापराचा आकडा हाती आला म्हणजे घोडे गंगेत न्हाले असेही नाही. वापर दोन प्रकारचा असतो. काही साधने माणूस आपल्या सोयीसाठी उचलतो. काही साधने वापरल्याखेरीज पगार, धान्य वा मजुरी मिळत नाही, म्हणून ती वापरली जातात. दुसऱ्या प्रकारात वापराचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या आसपास गेले, तर त्यातून आदेशाचे पालन झाले एवढेच सिद्ध होते. त्या साधनाने काम सोपे झाले की अवघड, यावर तो आकडा काहीच सांगत नाही.

अंगणवाडीतील चेहरा

याचे सर्वांत ठळक उदाहरण अंगणवाडीत सापडते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' हे अॅप देशभर लागू केले. १ जुलै २०२५ पासून घरी न्यावयाच्या पोषण आहाराची पाकिटे देताना चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीने लाभार्थीची पडताळणी करणे बंधनकारक झाले. आधी आधारच्या साह्याने 'ई-केवायसी' करावयाची, त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी सेविकेला सांगावयाचा आणि नंतर दर वेळी पाकीट घेताना चेहऱ्याचे छायाचित्र जुळवावयाचे, असा हा क्रम आहे. चेहरा जुळवणारे तंत्र ही कृत्रिम बुद्धिमत्तेचीच शाखा होय. वापरकर्त्यांची संख्या पाहिली तर शासनाच्या ताब्यातील अशा साधनांत याच्या तोडीचे दुसरे साधन सहसा सापडणार नाही.

नंदुरबार हा २०११ च्या जनगणनेनुसार १६ लाख ४८ हजार लोकसंख्येचा जिल्हा. त्यातील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी. साक्षरतेचे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत येथील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. पाकीट योग्य घरी पोहोचते की नाही, हा प्रश्न येथे निव्वळ हिशेबाचा राहत नाही. गळती रोखण्यासाठी चेहऱ्याची खूण हवी, हे शासनाचे म्हणणे अगदीच निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. खोट्या नावांवर उचलल्या जाणाऱ्या आहाराच्या तक्रारी जुन्याच आहेत.

अडचण मोजमापात आहे. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. अनेक घरांत एकच मोबाइल असतो आणि तो बहुधा पुरुषाबरोबर कामाच्या गावी गेलेला असतो. दिवाळीनंतर या भागातील कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि शेतमजुरीसाठी गुजरातेत जातात व होळीच्या सुमारास परततात. ओटीपी सुरतेजवळच्या फडावर येतो आणि आई अंगणवाडीच्या दारात उभी असते. अशा वेळी अॅपमध्ये जी नोंद होते ती 'पडताळणी झाली नाही' एवढीच. नेटवर्क नव्हते, फोन जुना होता, बाई आलीच नाही, आली पण चेहरा जुळला नाही, की जुळूनही पाकिटे संपली होती, हे पाच वेगवेगळे प्रसंग एकाच रकान्यात जमा होतात.

त्यात टक्केवारीचे गणित आणखी फसवे असते. समजा, एका अंगणवाडीच्या यादीत १०० नावे आहेत व त्यांपैकी ८० जणांची पडताळणी पूर्ण झाली. प्रमाण ८० टक्के. आता स्थलांतरित झालेली १५ नावे यादीतून कमी केली, तर उरतात ८५. पडताळणी झालेले तेच ८०. प्रमाण एकदम ९४ टक्क्यांवर जाते. गावात काहीही बदललेले नसते, एकाही जादा बालकाला आहार मिळालेला नसतो, तरी जिल्ह्याच्या आढावा बैठकीत तो तालुका 'प्रगतिपथावर' दिसतो. स्थलांतराचे प्रमाण मोठे असलेल्या जिल्ह्यात भाजकाकडे न पाहता केवळ टक्केवारी पाहणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक करून घेणे आहे.

सेविकांचा अनुभवही या संदर्भात विसरता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले होते. फोनची क्षमता तोकडी होती, ते वारंवार बंद पडत होते आणि 'पोषण ट्रॅकर'मधील नोंदी इंग्रजीत कराव्या लागत होत्या. फेब्रुवारी २०२३ मधील संपातही नव्या फोनची मागणी होतीच. या काळात अनेक सेविकांनी स्वतःच्या किंवा घरातील मुलांच्या फोनवरून नोंदी केल्या. वरिष्ठांच्या पडद्यावर त्या नोंदी 'वापर' म्हणूनच दिसल्या. वापरामागची पदरमोड आणि नाराजी मोजण्याची सोय त्या पडद्यावर नव्हती. कर्मचारी एखादे साधन परत करतात, ही खरे म्हणजे सर्वांत विश्वासार्ह मोजणी मानायला हवी. तिची दखल मात्र आंदोलनाची बातमी म्हणूनच घेतली गेली.

छायाचित्राचे छायाचित्र

सक्तीच्या वापरातून कोणता आकडा बाहेर येतो, याचा कबुलीजबाब केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच देऊन ठेवला आहे. रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी अॅपवरून, दिवसातून दोनदा छायाचित्रासह घेण्याची पद्धत १ जानेवारी २०२३ पासून सर्वत्र बंधनकारक करण्यात आली. अडीच वर्षांनी, ८ जुलै २०२५ रोजी मंत्रालयाने राज्यांना पाठवलेल्या पत्रात गैरवापराचे सात प्रकार नोंदवले. कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवणे, आधीच्या छायाचित्राचे पुन्हा छायाचित्र काढणे, एकच छायाचित्र अनेक मस्टरना लावणे, छायाचित्रातील आणि मस्टरवरील स्त्री-पुरुषांची संख्या न जुळणे, दुपारचे छायाचित्रच नसणे, असे ते प्रकार होते. त्यावर उपाय म्हणून ग्रामपंचायत पातळीवर सर्व छायाचित्रांची तपासणी माणसांनी करावी, असा आदेश निघाला. यंत्राने जे काम वाचवावयाचे होते, तेच काम यंत्रावर देखरेख ठेवण्यासाठी परत माणसाकडे आले.

या अॅपच्या वापराचा आकडा त्या अडीच वर्षांत केव्हाही मागितला असता, तर तो उत्तमच मिळाला असता. चढवलेल्या प्रत्येक छायाचित्राची नोंद होती. चित्रात माणूस आहे की भिंत, हे पाहण्याची व्यवस्था नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीच्या जागी जो नवा 'विकसित भारत जी राम जी' कायदा केला, त्यात नियोजन, लेखापरीक्षण आणि गैरव्यवहार शोधण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचा थेट उल्लेख आहे. धडगावसारख्या तालुक्यात, जेथे मजुरी हेच वर्षातील काही महिन्यांचे रोख उत्पन्न असते, तेथे हे नवे यंत्र चुकले तर किती जणांची मजुरी अडली, ही संख्या वापराच्या आकड्याशेजारी छापली जाणे आवश्यक ठरते.

साहेबांच्या देशातील प्रयोग

वापर मोजण्याचा प्रयत्न गांभीर्याने कोठेच झाला नाही, असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या संघ सरकारने २०२४ च्या पहिल्या सहामाहीत सुमारे ७६०० कर्मचाऱ्यांना मायक्रोसॉफ्टचे 'कोपायलट' हे लेखन-सहायक देऊन पाहिले. कर्मचारी समाधानी होते. पण ते रोज वापरणारे तिघांत एकच निघाले. ब्रिटनमध्ये २०२४ च्या अखेरच्या तीन महिन्यांत १२ खात्यांतील २० हजार कर्मचाऱ्यांवर हाच प्रयोग झाला. प्रत्येकाचे दिवसाला सरासरी २६ मिनिटे वाचतात, असा निष्कर्ष जून २०२५ मध्ये मोठ्या थाटाने जाहीर करण्यात आला. ही २६ मिनिटे कर्मचाऱ्यांनीच अंदाजाने सांगितलेली होती.

त्याच काळात ब्रिटनच्या व्यापार खात्याने एक हजार परवान्यांवर स्वतंत्र परीक्षण केले. त्या खात्याने कर्मचाऱ्यांना विचारलेच, शिवाय प्रणालीतील नोंदीही तपासल्या आणि काही कामे प्रत्यक्ष करवून पाहिली. समाधानी कर्मचाऱ्यांचे प्रमाण ७२ टक्के होते. नोंदींवरून मात्र एका माणसाचा सरासरी वापर दिवसाला एकदा किंवा त्याहून थोडासाच अधिक निघाला. मसुदे लिहिण्यात वेळ वाचला. आकडेमोडीच्या कामात साधन वापरणाऱ्यांची गती आणि गुणवत्ता दोन्ही घसरली. एकंदर उत्पादकता वाढल्याचा ठोस पुरावा मिळत नाही, असे खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये सरळ लिहून टाकले. एकाच सरकारातील दोन अहवाल, एकच साधन आणि काळही तोच. फरक फक्त काय मोजले याचा होता. आपल्याकडील एखाद्या खात्याने विकत घेतलेल्या वस्तूविषयी इतक्या मोकळेपणाने लिहिले असते का, याचा विचार वाचकांनीच करावा.

मोलगीचा भाजक

आता पुन्हा पोलीस ठाण्याकडे वळू. 'महाक्राइम ओएस'चा मोठा भर सायबर गुन्ह्यांवर आणि आर्थिक फसवणुकीवर आहे. बँक खात्यांचे उतारे, मोबाइलच्या संभाषण नोंदी, नोटिसांची लांबलचक मालिका हे ज्या ठाण्यात रोजचे आहे, तेथे ती खरोखर उपयोगी पडू शकेल. मोलगीच्या ठाण्यात येणारी कामे वेगळी असतात. जमिनीचे वाद, हाणामारी, अपघात, डाकिणीच्या संशयावरून होणारा छळ, बेपत्ता माणसे. वर्षाअखेरीस मोलगीतील वापर नागपूरच्या शतांशही भरला नाही, तर त्यावरून तेथील अंमलदार 'उदासीन' ठरवले जाण्याचा धोका आहे. ज्या गुन्ह्यांत प्रणालीचा उपयोग होऊ शकत होता असे गुन्हे किती नोंदले गेले आणि त्यांपैकी कितीत ती वापरली, हेच प्रमाण न्याय्य म्हणता येईल. भाजक ठाण्यागणिक बदलावा लागेल. सर्व ठाण्यांची एकच गुणवत्ता यादी लावण्याचा मोह मात्र मंत्रालयाला आवरणे कठीण जाते. जिल्ह्यांना मिळालेल्या क्रमवारीच्या बातम्या छापण्याचा मोह वृत्तपत्रांनाही आवरत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

दुसरा प्रश्न, वापरकर्ता कोण? केंद्राने २००९ मध्ये मंजूर केलेल्या 'सीसीटीएनएस' या गुन्हे-नोंद प्रणालीचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. बहुतेक ठाण्यांत संगणक येणारे एक-दोन अंमलदार असतात आणि साऱ्या ठाण्याच्या नोंदी तेच करतात. तपासी अंमलदार सांगतो, संगणकावर बसलेला टंकतो. नव्या प्रणालीतही प्रत्येक अधिकाऱ्याला स्वतंत्र ओळख दिली गेली तरी तिचा परवलीचा शब्द त्या एकाच अंमलदाराच्या वहीत लिहिलेला असेल, तर आकडेवारीत वीस 'सक्रिय वापरकर्ते' दिसतील आणि प्रत्यक्षात एकच माणूस दमून गेलेला असेल. त्याची बदली झाली की वीसही जण एका दिवसात निष्क्रिय होतील. कोणत्या ठाण्यात किती ओळखी एकाच संगणकावरून, एकाच तासात उघडल्या गेल्या, हे पाहणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही.

तिसरी बाब अधिक नाजूक आहे. यंत्राने दिलेला मसुदा अधिकाऱ्याने किती बदलला, हे मोजले पाहिजे. मसुदा वारंवार पूर्णपणे टाकून दिला जात असेल तर साधन निरुपयोगी आहे, हे उघड आहे. पण तो प्रत्येक वेळी जसाच्या तसा पुढे जात असेल, तर ती अधिक चिंतेची गोष्ट समजावी. साचेबद्ध पंचनामे आणि एकसारखे जबाब यांवर न्यायालयांनी ताशेरे ओढण्याचे प्रसंग नवे नाहीत. एकही अक्षर न बदलता दोषारोपपत्रात गेलेला यंत्राचा मजकूर 'शंभर टक्के स्वीकार' म्हणून गौरवला गेला, तर आरोपीच्या वकिलाला तो आनंदच वाटेल. चांगल्या वापराचा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतो आणि तो गुन्ह्याच्या प्रकारानुसार वेगळा असतो.

कोणती भिली?

नंदुरबारमध्ये वापराच्या आड येणारी सर्वांत जुनी भिंत भाषेची आहे. सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, डोंगरात भिली, पावरी, मावची, देहवाली, नोइरी अशा बोली. शासनाचे कामकाज मराठीत आणि यंत्राचे बरेचसे अंतरंग इंग्रजीत. २०११ च्या जनगणनेत 'भिली' या नावाखाली देशभरात १ कोटी ४ लाखांवर भाषकांची नोंद झाली. आठव्या परिशिष्टाबाहेरील भाषांत हा आकडा सर्वांत मोठा आहे. मात्र त्या एका नावाखाली पावरीपासून मावचीपर्यंत अनेक बोली एकत्र मोजलेल्या आहेत.

केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी 'आदि वाणी' या भाषांतर-साधनाची प्राथमिक आवृत्ती खुली केली. दिल्लीच्या आयआयटीच्या पुढाकाराने तयार झालेल्या या साधनात संथाली, मुंडारी आणि गोंडी यांच्याबरोबर भिलीही आहे. पहिल्या चार भाषांत भिलीला स्थान मिळाले, हे स्वागतार्हच म्हटले पाहिजे. पण तिची सामग्री मध्य प्रदेशातील आदिवासी संशोधन संस्थेच्या मदतीने जमवलेली आहे. झाबुआकडची भिली आणि धडगावची पावरी यांत बरेच अंतर आहे. धडगावच्या एखाद्या आजीने यंत्राशी एकदा बोलून पाहिले, त्याला ते समजले नाही आणि तिने ते पुन्हा हाती धरले नाही, तर आकडेवारीत तिची नोंद 'एक वापरकर्ता' अशीच राहील. पहिल्या वापरानंतर सहा आठवड्यांनी किती जण परत आले आणि ते कोणती बोली बोलणारे होते, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज साधन नंदुरबारला चालते की नाही, हे कळणे अशक्य आहे.

शेतीतील चित्रही असेच आहे. राज्य मंत्रिमंडळाने १७ जून २०२५ रोजी 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरवली. त्याआधीच कृषी विभागाचे 'महाविस्तार' हे सल्ला देणारे अॅप आले होते. हवामान, बाजारभाव, कीड-रोग यांवर ते मराठीत उत्तरे देते. शहाद्याच्या पट्ट्यातील पपई आणि केळी उत्पादक किंवा नंदुरबारच्या बाजारात मिरची आणणारा शेतकरी त्याचा उपयोग करून घेईल, असे मानायला जागा आहे. डोंगरात मका, ज्वारी आणि भगर घेणाऱ्या, उन्हाळ्यात आमचूर करून विकणाऱ्या कुटुंबाचा प्रश्नच वेगळा असतो. 'जिल्ह्यात इतक्या हजारांनी अॅप उतरवून घेतले' या एका वाक्यात शहादा आणि धडगाव यांची सरासरी निघते. अशा सरासरीत नेहमी धडगावच लपते. आकडे तालुकावार, शक्य तर मंडळवार प्रसिद्ध झाले तरच त्यांना अर्थ उरतो.

मोजता येते, हे सिद्ध झालेले आहे

हे सारे मोजणे शासनाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असा युक्तिवाद नंदुरबारच्या बाबतीत तरी टिकणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचा उस्मानाबाद यांच्यासह नंदुरबारचा समावेश झाला. त्या कार्यक्रमात ४९ निर्देशांकांवर दर महिन्याला प्रगती मोजली जाते. जिल्ह्याने स्वतः भरलेल्या माहितीवर विसंबून न राहता बाहेरच्या संस्थांकडून घरोघर पाहणी करून ती पडताळण्याची पद्धतही नीती आयोगाने सुरुवातीच्या काळात अवलंबली होती. प्रशासनाने भरलेला आकडा आणि दारात जाऊन विचारलेले उत्तर यांत फरक पडू शकतो, हे त्या वेळी शासनाने गृहीत धरले होते. तोच न्याय सॉफ्टवेअरला लावायला हरकत कसली?

उलट घडते आहे ते असे. राज्यातील शासकीय कार्यालयांसाठी मे ते ऑक्टोबर २०२५ या काळात राबवलेल्या १५० दिवसांच्या ई-गव्हर्नन्स कार्यक्रमात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर हा गुणांकनाचा एक मुद्दा होता. कार्यालयांना नव्या तंत्राकडे वळवण्यासाठी अशा स्पर्धेचा उपयोग होतो, हे मान्य. पण गुण मिळवायचे असतील तर साधन आणून दाखवणे पुरते. आणलेले साधन सहा महिन्यांनी बंद अवस्थेत सापडले तर गुण परत घेण्याची तरतूद अशा स्पर्धांत नसते. शासकीय खरेदीतही पुरवठादाराचे देयक सर्वसाधारणपणे पुरवठा, स्थापना आणि प्रशिक्षण या टप्प्यांना जोडलेले असते. प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर सह्या झाल्या की तो टप्पा पूर्ण. प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी किती जणांनी पुढच्या महिन्यात साधन उघडले, याच्याशी देयकाचा संबंध नसतो.

'महाक्राइम ओएस'सारख्या प्रणालीत तर वापराच्या नोंदी आपोआप साठत असतात. कोणी केव्हा प्रवेश केला, कोणता मसुदा मागितला, तो ठेवला की टाकला, किती वेळ लागला, हे सर्व यंत्राला ठाऊक असते. प्रश्न एवढाच की या नोंदी पाहण्याचा अधिकार कोणाकडे आहे. विक्रेत्याने स्वतःच्या पडद्यावर दाखवलेली बेरीज पाहून परवान्यांचे नूतनीकरण करणे म्हणजे ज्याने माल विकला त्याच्याच तराजूवर तो तोलून घेणे. कच्च्या नोंदी खात्याच्या, शक्य तर लेखापरीक्षकांच्याही हाती आल्या, तर मोलगी, धडगाव आणि नागपूर यांचे हिशेब वेगवेगळे मांडता येतील. अंगणवाडीत चेहरा न जुळल्याने किती बायका रिकाम्या हाताने परत गेल्या, हेही त्याच प्रकारच्या नोंदींतून दिसू शकेल. त्यासाठी या नोंदी खात्याच्या मालकीच्या राहतील, असे कलम खरेदीच्या करारातच असावे लागते. करारावर सह्या झाल्यानंतर ती माहिती मागायला गेल्यास तिचेही वेगळे देयक पुढे येते.